पोलादावर हिरा चालवायचा असेल तर आधी पाणी तपासा

हिरा म्हणजे कार्बन आणि तापलेले लोखंड कार्बन ओढून घेते, हे यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. पोलाद कापताना टूलच्या कडेवरचा हिरा ग्रॅफाइट होतो, तो कार्बन लोखंडात विरघळतो आणि कड बोथट होते. कापताना टूलवर सोडलेला ग्राफीनयुक्त (ग्राफीन म्हणजे कार्बनचे अतिपातळ पापुद्रे) द्रव घर्षण व उष्णता कमी करून ही झीज मंदावतो, थांबवत नाही. साधा कठीण पोलादी जॉब (कापायचा तुकडा) असेल तर सीबीएन, म्हणजे क्युबिक बोरॉन नायट्राइडचे टूल वापरा. भिंगांच्या साच्यांसारखे आरशासारखे चकचकीत पृष्ठ हवे असेल तरच या वाटेला या.

मला अडवले ते पाण्याने. बेळगावच्या उद्यमबागेतील एका कार्यशाळेत इतर कूलंटप्रमाणेच (कापताना टूल थंड ठेवणारे द्रव) मी ग्राफीन ऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजन जोडलेले ग्राफीन, हेही बोअरच्या पाण्यात मिसळले. रात्री एकसारखा तपकिरी असलेला द्रव सकाळी वरून निवळला होता आणि तळाशी गाळ बसला होता. मी तो ढवळून पुन्हा वापरला. ग्राफीन ऑक्साइडच्या पापुद्र्यांवर ऋण भार असल्याने ते एकमेकांना दूर ठेवतात. क्षारयुक्त पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे आयन तो भार शमवतात, पापुद्रे चिकटतात आणि त्यांच्या गुठळ्या नोझलमध्येच अडकतात. माझ्या मार्गदर्शकांनी मात्रा वाढवण्यास सांगितले. मी वाढवली, गाळही वाढला, आणि एकस्फटिकी हिऱ्याची दोन टूल्स गेली. त्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना झालेले दुःख अजून गेलेले नाही. शेवटी लेथवरच्या मेस्त्रींनी नोझलखाली बोट धरले आणि म्हणाले, "नुसतं पाणीच येतंय की रे." माझ्या मते, यंत्रापाशी उभा न राहणारा मार्गदर्शक मात्रा ठरवू शकत नाही.

डिस्टिल्ड वॉटर घ्या. पापुद्रे अल्ट्रासॉनिक यंत्राने सुटे करा, मात्र भांडे बर्फात ठेवून आणि थोड्याच वेळासाठी, कारण अतिरेकाने ते तुटून लहान होतात. बाटली हलवून किंवा मिक्सरमध्ये फिरवून काम भागते असे सांगणाऱ्यांचे ऐकू नका. कोरडी पूड हाताळताना मास्क लावा.

घाबरू नका, गुठळ्या दिसल्या म्हणजे तुमचा संशोधनाचा विषय चुकला असे नाही. पारदर्शक बाटलीत द्रव पूर्ण एक दिवस स्थिर ठेवा, वर निवळ थर दिसला तर तो यंत्रावर नेऊ नका, आणि द्रव एकसारखा टिकला तरी पहिला छेद काही मिलिमीटरांचाच घेऊन टूल उतरवा व कड पाहा.