प्रतिस्पर्ध्याची लढत कशी वाचावी: तालमीतून एमएमएकडे वळलेल्या मल्लांसाठी

मराठवाड्यात एमएमएकडे, म्हणजे ठोसे, किक आणि कुस्ती-पकड सारे चालणाऱ्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सकडे वळणारी बहुतेक मुले कुस्तीच्या तालमीतून येतात, आणि ज्या भागाने रामलिंग मुदगडचे रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार आणि पाटोद्याचा राहुल आवारे असे मल्ल घडवले, तेथे हे स्वाभाविकच आहे. खडाखडी, म्हणजे उभ्याने हात-मान धरून झटापट, करताना समोरच्याचा जोर, तोल आणि बेत ओळखण्याची सवय या मुलांच्या अंगात लहानपणापासून मुरलेली असते. परंतु आखाड्यात आपण अंदाज घेत असताना समोरचा ठोसा मारत नाही आणि पिंजऱ्यात, म्हणजे एमएमएच्या जाळीने वेढलेल्या रिंगणात, तो मारतो. त्यामुळे अंदाज घेण्याचे बरेचसे काम लढतीच्या काही आठवडे आधी, वही घेऊन बसूनच उरकावे लागते. लातुरात अशा मुलांना शिकवताना जी पद्धत अनुभवाने पक्की होत गेली, ती येथे मांडत आहे.

पहिला प्रश्न असतो तो कोणत्या लढती पाहायच्या हा. प्रतिस्पर्ध्याने गाजवलेल्या लढती आधी पाहू नयेत. जेथे तो हरला किंवा हरता हरता वाचला, त्या लढतींपासून सुरुवात करावी. माझी स्वतःची एक चूक येथे सांगणे आवश्यक वाटते. आमच्या एका मुलाच्या लढतीआधी आम्ही प्रतिस्पर्ध्याच्या तीन विजयी लढती पाहिल्या, त्याचा उजवा ठोसा हेच एकमेव संकट आहे असे ठरवले आणि त्याच्यावर सतत चालून जाण्याचा बेत केला. प्रत्यक्षात दाब येताच त्या खेळाडूने खाली वाकून दुहेरी पट काढला, म्हणजे दोन्ही पाय धरून पाडले, आणि आमचा मुलगा दोन्ही राउंड खालीच अडकून राहिला. त्या तीनही लढतींत त्याच्यावर कोणी दाब टाकलाच नव्हता, त्यामुळे ही सवय आम्हाला दिसण्याची सोयच नव्हती. खेळाडूची खरी शैली तो वरचढ असताना जेवढी दिसते त्याहून अधिक तो अडचणीत असताना दिसते, हे तेव्हा मला नीट उमगले.

जो अजून एकदाही हरलेला नाही, त्याच्या बाबतीत विजयाच्या आत लपलेली सैल जागा शोधावी लागते. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये मेलबर्नला हॉली होमने राँडा राउझीला हरवले, तोपर्यंत राउझी अपराजित होती. ऑलिम्पिकमध्ये ज्युडोचे कांस्यपदक मिळवलेली ही खेळाडू जवळ जाऊन पकड घेण्यासाठी सरळ रेषेत चालून जात असे, आणि ते तिच्या जिंकलेल्या लढतींतही दिसत होते. मूळची बॉक्सर असलेली होम बाजूला सरकत राहिली, डाव्या हाताने तिला वाटेतच अडवत राहिली आणि दुसऱ्या राउंडमध्ये डोक्यावर मारलेल्या डाव्या किकने लढत संपली.

पाहण्याची रीत अशी ठेवावी. पहिल्यांदा संपूर्ण लढत आवाज बंद करून, न थांबवता पाहावी, कारण समालोचकाचे मत कानावर पडले की आपले डोळे त्याच्याच मागे जातात. दुसऱ्यांदा निम्म्या वेगाने पाहावी आणि वहीत डावाचे नाव लिहिण्याऐवजी त्या डावाच्या अगदी आधी काय घडले ते लिहावे: पट काढण्याआधी तो जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) दाखवतो का, उजवा ठोसा मारण्याआधी पुढचा पाय बाहेर टाकतो का, किक मारून झाल्यावर हात हनुवटीपाशी परत येतात की खाली राहतात. वेगवेगळ्या लढतींत तीनदा दिसली तर ती सवय धरावी, एकदाच दिसली तर सोडून द्यावी. याशिवाय दोन क्षण वेगळे नोंदवावेत. जबर ठोसा बसल्यानंतर लगेच तो मागे सरकतो, मिठी मारतो की चिडून पुढे येतो, हा एक; आणि दमसास संपत आलेल्या शेवटच्या मिनिटात त्याचे हात व पाय कोठे असतात, हा दुसरा.

पायांकडे सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण हात फसवतात, पाय सहसा फसवत नाहीत. प्रतिस्पर्धी उजवा पाय पुढे ठेवून डावखुऱ्या पवित्र्यात उभा राहत असेल आणि आपला मुलगा डावा पाय पुढे ठेवत असेल, तर दोघांचे पुढचे पाय समोरासमोर येतात. ज्याचा पुढचा पाय दुसऱ्याच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला पडतो, त्याला मागच्या हाताचा ठोसा मारायला वाट मोकळी मिळते. याच मांडणीत डावखुऱ्याची डावी किक थेट आपल्या उजव्या बरगड्यांखाली, यकृतावर बसते. त्यानंतर पुढच्या पायावर किती भार आहे ते पाहावे. २०१६ च्या मार्चमध्ये कॉनर मॅकग्रेगर दुसऱ्याच राउंडमध्ये नेट डियाझकडून हरला. सुरुवातीला ताकद उधळून तो दमला आणि डियाझने पाठीमागून त्याचा गळा आवळला. ऑगस्टमधील परतीच्या लढतीत मॅकग्रेगरने डियाझच्या भार पेलणाऱ्या पुढच्या पायावर वारंवार खालच्या किक मारल्या, पाच राउंड पुरेल असा दम राखला, आणि डियाझ ठोशाने खाली पडला तेव्हाही त्याच्यामागे जमिनीवर न जाता त्याला उठू दिले. जिउ-जित्सूत, म्हणजे जमिनीवरच्या पकडींच्या कलेत, मुरलेल्या माणसाला जमिनीवर गाठायचे नाही, हा निर्णय आधीच झालेला असल्याशिवाय मोहाच्या त्या क्षणी कोणी मागे थांबत नाही. बेत कसा असावा याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

प्रतिस्पर्ध्याची वही भरत असतानाच शेजारच्या पानावर आपल्या मल्लाचीही तितकीच कठोर नोंद करावी, कारण समोरचाही ती करत असणार. कुस्तीतून आलेल्या मुलांमध्ये दोन सवयी हमखास आढळतात. चितपट होऊ नये म्हणून ती पोटावर वळतात आणि पाठ देतात; मातीत यामुळे कुस्ती वाचते, परंतु पिंजऱ्यात पाठ मिळालेला खेळाडू गळा आवळतो. दुसरी सवय म्हणजे पट काढताना मान लांब ठेवून डोके बाहेर सोडणे. २०१७ साली शांघायमध्ये यूएफसी या एमएमएच्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत पदार्पण करणाऱ्या भारतीय मल्लाला सोंग यादोंगने पहिल्याच राउंडमध्ये गिलोटिनने, म्हणजे पुढून मान काखेत आवळून, हरवले होते. म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या नोंदींत गिलोटिन दिसली, तर पट काढायचाच नाही असे न ठरवता डोके त्याच्या बरगडीला घट्ट चिकटवून आत शिरण्याचा आणि त्याला जाळीपर्यंत रेटत नेण्याचा सराव वाढवावा. जाळीचा आधार बचाव करणाऱ्यालाही मिळतो, त्यामुळे पाठ जाळीला लागल्यावर तो कोणत्या बाजूने निसटतो हेही पाहून ठेवावे.

आपली कुस्ती हे केवळ खाली पाडण्याचे साधन नाही, हेही मुलांना सांगावे लागते. २०१८ साली कुस्तीत मुरलेल्या हबीब नुर्मगोमेदोवने मॅकग्रेगरला पहिल्या राउंडमध्ये खाली दाबून ठेवले, आणि दुसऱ्या राउंडमध्ये त्याला जमिनीवर पाडले ते उजव्या ठोशाने. पटाची धास्ती घेतलेल्या माणसाचे हात खाली येतात.

बेत दोन-तीन वाक्यांत मावला पाहिजे आणि तो मुलाला आधीपासून येणाऱ्या डावांतूनच बनला पाहिजे. तीन आठवड्यांत नवा डाव अंगवळणी पडत नाही. ‘जॅब दिसला की बाहेरच्या बाजूला सरक, मिठीत आला की जाळीकडे रेट, खाली गेलास तर पाठ देऊ नकोस’ एवढे पुरे होते. त्याआधी स्पर्धेची नियमावली वाचून घ्यावी. व्यावसायिक लढतीत सामान्यतः पाच मिनिटांचे तीन राउंड असतात व जेतेपदासाठी पाच, तर हौशी स्पर्धांत राउंड पुष्कळदा तीनच मिनिटांचा असतो आणि डोक्यावर कोपर मारण्यास बंदी असते. गुणही प्रत्येक राउंडचे स्वतंत्र, बहुधा दहा-नऊ असे (जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ) दिले जातात, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला हळूहळू दमवण्याचा बेत छोट्या राउंडमध्ये अंगाशी येऊ शकतो.

जिल्हा व राज्य पातळीवर अनेकदा प्रतिस्पर्ध्याचा एकही धड व्हिडिओ मिळत नाही. मिळालाच तर तो प्रेक्षकांतून मोबाइलवर काढलेला आणि निम्मा पाठमोरा असतो. अशा वेळी सकाळच्या फेऱ्यांत त्याची लढत पिंजऱ्याजवळ बसून पाहावी, त्याच्याशी लढलेल्या मुलांना नम्रपणे विचारावे आणि ऐकीव माहितीपैकी दोघांनी स्वतंत्रपणे सांगूनही जुळते तेवढीच वहीत घ्यावी.

सरावासाठी तालमीतलाच एक जोडीदार निवडून त्याला प्रतिस्पर्ध्याचा पवित्रा, चाल आणि आवडते दोन डाव शिकवावेत. उन्हाळ्यात आमच्याकडे हा सराव ऊन चढण्याआधी, सकाळी सातच्या आत संपवावा लागतो. जोडीदाराने पहिला आठवडा अर्ध्या जोराने आणि नंतर खऱ्या वेगाने नक्कल करावी. शेवटच्या आठवड्यात मात्र जोराचा सराव थांबवावा.

राउंडच्या मधल्या एका मिनिटात मुलाला आधी श्वास घेऊ द्यावा, पाणी द्यावे आणि मग एकच सूचना करावी, तीही सरावात वापरलेल्या शब्दांतच. बेत फसतो आहे असे दिसले, तर दुसरा पर्याय कोणता हे आधीच ठरलेले असावे, कारण त्या मिनिटात नवा विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही. लढत संपल्यावर निकाल काहीही लागला तरी त्याच रात्री वही उघडून आपला कोणता अंदाज चुकला ते तारखेसह लिहून ठेवावे; तोच प्रतिस्पर्धी पुढच्या हंगामात पुन्हा समोर आला, तर सर्वांत आधी तेच पान उघडावे.