चक्कर आल्यास काय पाहावे आणि दवाखाना कधी गाठावा

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपुढे गेला की यंत्रमागावर उभ्याने काम करणाऱ्यांना भोवळ येणे नवे नाही. परंतु प्रत्येक वेळी उन्हावर खापर फोडू नये. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर शरीरातील पाणी कमी होणे, रक्तक्षय किंवा रक्तदाबाची गोळी ही कारणे संभवतात. अशा वेळी आडवे व्हावे आणि पूर्ण शुद्धीत असल्यास ओआरएसचे पाणी घोटघोट प्यावे. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. कुशीवर वळताच खोली गरगरते आणि मिनिटभरात थांबते, हा बहुधा आतल्या कानाचा दोष असतो. कान-नाक-घसा तज्ज्ञ डोक्याच्या विशिष्ट हालचालींनी तो बरा करू शकतात.

चक्कर येऊन तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूची शक्ती जाणे, एका वस्तूच्या दोन दिसणे, छातीत दुखणे किंवा आधाराशिवाय चालता न येणे यांपैकी काहीही आढळल्यास, कांदा हुंगवण्यात वेळ न दवडता (हा उपाय अजूनही घरोघरी चालतो) १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पक्षाघातातील गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. म्हणून त्रास नेमका किती वाजता सुरू झाला, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.