पिवळ्या फुलपाखरांचं स्थलांतर कसं टिपावं

कॉमन एमिग्रंट हे लिंबू रंगाचं फुलपाखरू पावसाळ्याच्या सुमारास अनेकदा मोठ्या संख्येने प्रवासाला निघतं. ते टिपायला घड्याळ, वही आणि फोनमधलं होकायंत्र पुरे.

आधी ओळख पक्की करा. पंखांचा विस्तार साधारण ५ ते ८ सेंटिमीटर. गवतालगत रेंगाळणारी लहान पिवळी फुलपाखरं बहुधा ग्रास यलो असतात. एमिग्रंट वेगाने, झेपा घेत जातं. बसताना ते पंख मिटून घेतं, म्हणून खालची बाजू पाहा. काहींवर तांबूस कडांचे रुपेरी ठिपके आणि मिशा लालसर, तर काही अगदी कोरी आणि मिशा काळ्या. रूपं दोन, जात एकच. खाली बारीक तपकिरी रेघोट्या असतील तर ते मॉटल्ड एमिग्रंट. त्याची नोंद वेगळी.

आता मोजणी. ऊन तापलं की मोकळ्या जागी एका ठिकाणी उभं राहा. समोरची दोन झाडं किंवा दोन खांब धरा आणि त्यांच्यामधून जाणारी फुलपाखरं १५ मिनिटं मोजा. प्रत्येक दिशेला वेगळा रकाना ठेवा. उलट येणारीही मोजायचीच, नाहीतर आकडा फसवतो. मध शोधणारं फुलपाखरू वळतं, घुटमळतं. प्रवासाला निघालेलं मात्र भिंत आडवी आली तर वरून जातं, पलीकडे खाली उतरतं आणि पुन्हा तीच दिशा धरतं. हे एकदा नजरेत बसलं की दोन्ही लांबूनच वेगळी ओळखू येतात. वाऱ्याची दिशाही लिहा. ओल्या मातीवर क्षार शोषत बसलेले नर या मोजणीत धरू नका.

मग फुलांकडे वळा. एकदांडी आणि घाणेरीवर ती थांबतात. कोणत्या फुलावर किती वेळ सोंड घातली, तेवढं लिहा. घाणेरी मात्र मुद्दाम लावू नका, या परदेशी झुडपाने रानं व्यापली आहेत.

लावायचाच तर बहावा लावा. मादी त्याच्या कोवळ्या पानावर क्षणभर टेकते, पोटाचं टोक वाकवते, एक उभट पांढरं अंडं चिकटवते आणि लगेच पुढच्या पानाकडे जाते. पुढे हिरव्या अळ्या पानं फस्त करतात. तेव्हा फवारणी नको, बहाव्याला पालवी पुन्हा फुटते.