दमा आणि घालमेल : श्वास सोडण्याचा सराव
दम्यात खरी अडचण श्वास सोडताना होते, कारण आकुंचन पावलेल्या श्वासनलिकांतून हवा पुरती बाहेर पडत नाही. त्यात जीव घाबरला की श्वास उथळ आणि भरभर होतो, बोटांना मुंग्या येतात आणि दम्याचा झटकाच आला असे वाटू लागते. म्हणून सरावाचा भर उच्छ्वासावर ठेवावा.

पाठीला आधार देऊन बसावे, खांदे सैल सोडावेत आणि एक हात बेंबीच्या वर ठेवावा. मनात २ आकडे मोजत नाकाने श्वास घ्यावा. त्या वेळी पोटावरचा हात उचलला जायला हवा. मग शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू करून, ४ आकडे मोजत, जोर न लावता हवा सोडावी. गरगरल्यास थांबावे. हा सराव बरे वाटत असतानाच रोज ५ मिनिटे करावा, कारण घाबरलेल्या क्षणी नवी गोष्ट जमत नाही. धाप लागलेली असताना कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखणे कटाक्षाने टाळावे.

हा सराव औषधाची जागा घेत नाही. छातीत घरघर सुरू झाल्यास डॉक्टरांनी तातडीसाठी दिलेला इनहेलर आधी घ्यावा, आणि त्याने उतार न पडल्यास, एक वाक्य सलग बोलता येत नसल्यास किंवा ओठ निळसर दिसू लागल्यास १०८ वर फोन करून रुग्णवाहिका मागवावी.