न्यू जर्सीत धनुष्याने शिकार करायची असेल तर

एडिसन, प्लेन्सबरोकडची आपली मंडळी तिरंदाजीच्या रेंजवर रमली, की त्यांतलं कुणीतरी हमखास विचारतं, "हरणाच्या शिकारीला मलाही येता येईल का?" भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार म्हणजे गुन्हाच, त्यामुळे विचारतानाही आवाज दबकतो. इथे मात्र व्हाइट-टेल हरणांची संख्या आटोक्यात ठेवायला राज्य परवानाधारक शिकाऱ्यांवरच भिस्त ठेवतं. तेव्हा मोकळेपणाने विचारा.

सुरुवात कोर्सपासून करा, खरेदीपासून नको. बंदुकीचा कोर्स वेगळा, धनुष्याचा वेगळा. एकाच्या दाखल्यावर दुसऱ्याचा परवाना मिळत नाही. थिअरी घरबसल्या होते, मग मैदानावर परीक्षा आणि प्रत्यक्ष बाण मारून दाखवणं. सीझन तोंडावर आला की सगळ्यांचीच धावपळ सुरू होते, म्हणून मी वसंत ऋतूतच नाव नोंदवायला सांगतो. राज्यात सहा महिने राहिलेल्याला रहिवाशाच्या दरात परवाना मिळतो. बंदूक विकत घ्यायला लागणारं ओळखपत्र धनुष्याला लागत नाही.

खरी डोकेफोड तारखांची. हरणांच्या शिकारीसाठी राज्य झोनमध्ये विभागलंय. काही झोनमध्ये फॉल बो, म्हणजे धनुष्याच्या शिकारीचा शरदातला सीझन, सप्टेंबरातच सुरू होतो, बाकीच्यांत ऑक्टोबरात. पुढे वेगळं परमिट लागणारा परमिट बो, मग हिवाळ्यातला विंटर बो. अनेक झोनमध्ये सुरुवातीच्या दिवसांत आधी मादी मारावी लागते, तेव्हा कुठे नराला हात लावता येतो. संख्या कमी करायची तर माद्याच कमी व्हायला हव्यात, हे त्यामागचं कारण. आपण जाणार ती जागा कुठल्या झोनमध्ये येते, हे त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत बघा. मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. रविवारी धनुष्याने हरणाची शिकार खासगी जमिनीवर आणि वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरियात (वन्यजीवांसाठी राखलेल्या सरकारी जमिनीवर) चालते, स्टेट पार्कात नाही.

धनुष्याची ओढ, म्हणजे दोरी खेचायला लागणारा जोर, किमान ३५ पौंड हवी आणि बाणाला धारदार धातूचं, निदान पाऊण इंच रुंदीचं ब्रॉडहेड, म्हणजे पात्यांचं टोक. पण ३५ पौंड ओढता आले म्हणजे तयारी झाली, असं मी मानत नाही. बाण गोळीसारखा धक्क्याने पाडत नाही. तो फुप्फुसांतून आरपार गेला तरच जनावर लवकर संपतं. म्हणून वीस यार्डांवरून, थंडीच्या जाड जॅकेटमध्ये, उंचावरून खाली नेम धरून सराव करा. वाइल्डलाइफ मॅनेजमेंटच्या काही जागांवर, उदाहरणार्थ क्लिंटन किंवा कॉलियर्स मिल्सला, तिरंदाजीची रेंज आहे. कोन तिरका असेल, मधे फांदी असेल, तर बाण सोडूच नका. हरीण जखमी होऊन झाडीत नाहीसं होणं फार वाईट.

झाडावरच्या स्टँडवर, म्हणजे मचाणावर, चढताना जमिनीपासूनच हार्नेस (पडू नये म्हणूनचा पट्टा) बांधा. उतरल्यावर कपडे झटकून गोचिड्या तपासा, त्यांच्या चाव्याने होणारा लाइमचा आजार इथे सर्रास आढळतो.

हरीण पडलं की मुदतीच्या आत फोनवर किंवा ऑनलाइन नोंद करून नंबर घ्या. मांस जास्त झालं तर 'हंटर्स हेल्पिंग द हंग्री'मार्फत ते गरजूंच्या ताटात जातं. आपल्या भागातला त्यांच्याशी जोडलेला खाटीक कुठला, हे सीझनआधीच विचारून ठेवा.