चपलेवरची पांढरी झाक

थंडीत ठेवणीतली कोल्हापुरी बाहेर काढली की पट्ट्यांवर पांढरी झाक दिसते. गिऱ्हाईक घाबरून म्हणतं, "बुरशी लागली!" चप्पल लाईनीत मी २२ वर्षं बसतोय. बऱ्याचदा ती बुरशी नसते. चामड्यात मुरलेल्या चरबीतलं स्टिअरिक आणि पामिटिक आम्ल गारठ्यानं वर येऊन गोठलेलं असतं.

आधी ओळखा. हेअर ड्रायर वीतभर लांबून फिरवत धरा. शुद्ध स्टिअरिक आम्ल सुमारे ६९ अंशांना वितळतं, पामिटिक ६३ला, एकत्र असली की त्याच्याही आधी. झाक विरली तर चरबी. ओल्या बोळ्यानं गेली तर घामाचं मीठ. दोन्हीनं हटली नाही आणि कुबट वास आला, तर बुरशी.

चरबी असेल तर वितळल्या वितळल्या सुती फडक्यानं टिपा, नाहीतर ती परत आत मुरते. उरलेली स्पिरिटच्या बोळ्यानं. आधी टाचेच्या बाजूला रंग जातो का बघा.

साबण मात्र नको, हात जोडून सांगतो. साबण म्हणजे बराचसा सोडियम स्टिअरेट. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम त्याला भेटलं की कॅल्शियम स्टिअरेट होतो: पांढरा, चिकट, पाण्यात न विरघळणारा. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं त्यानं निस्तेज होतं.

शेवटी एरंडेलाचे दोन थेंब चोळा. खोबरेल नको, ते २४ अंशांखाली थिजतं. एरंडेल आपल्याकडच्या थंडीत पातळच राहतं.