निकोटीनचा गम चघळायचा कसा?

तीस-चाळीस वर्षांची सिगारेट सोडायची म्हणून मेडिकलमधून निकोटीनचा गम आणला जातो, आणि 'उचक्या लागतात, घसा जळतो' म्हणून दोन दिवसांत तो ड्रॉवरमध्ये जाऊन पडतो. बहुतेक वेळा चूक चघळण्यात असते. यातलं निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जायला हवं. लाळेबरोबर गिळलं की फुकट जातं, वर पोटात जळजळ. म्हणून सावकाश चावा, तिखट झणझणीत लागलं की थांबा आणि गम गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. झणझण ओसरली की पुन्हा थोडं चावा, आता दुसऱ्या गालात. असा एक गम अर्धा तास पुरतो.

आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक नको. आंबटपणामुळे निकोटीन नीट शोषलं जात नाही. टपरीवरचा कटिंग आणि गम एकत्र जमणार नाहीत, एवढं धरून चाला. तसाही चहा थोडा कमीच करा: धूम्रपान थांबलं की कॅफिन शरीरात जास्त वेळ टिकतं. रात्री झोप उडते आणि खापर फुटतं सिगारेट सोडण्यावर!

उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल, तर २ मिलिग्रॅमचा गम अपुरा पडू शकतो. ४ मिलिग्रॅमसाठी डॉक्टरांना विचारा. दम्यासाठी थिओफिलिन चालू असेल तर सिगारेट सोडतोय हे त्यांना आधीच सांगा, डोस कमी करावा लागू शकतो. सरकारची मोफत क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा, आहे: १८००-११-२३५६.